पायली, किलो आणि क्रेडिट

आमच्या नंदिगड्ड्याच्या घरी माळ्यावर एक जुनी लाकडी पायली आहे. दुकानातले सारे व्यवहार किलोने होऊ लागून किती वर्षे लोटली, तरी घरचे भात मोजायचे म्हटले की आजी तीच खाली काढायला लावते. तिच्या माहेरची पायली आमच्या पायलीहून थोडी मोठी होती म्हणे. त्यामुळे उसन्या भाताच्या फेडीवरून दोन्ही घरांत कुरबूर व्हायची. हे म्हणत, "दहा पायल्या मोजून घातल्या." ते म्हणत, "आमच्या मापात साडेनऊच भरल्या." खोटे कोणीच बोलत नव्हते. भात एकच होते, मोजणारे हातही प्रामाणिक होते; माप तेवढे वेगळे होते.

उच्च शिक्षणावरच्या लेखात ही पायली कुठून आली, असे वाचकांना वाटेल. पण गेल्या काही वर्षांत 'क्रेडिट', 'ऑनर्स', 'आंतरराष्ट्रीय दर्जा' हे शब्द आपण इतक्या वेळा ऐकले आहेत, की आता त्यांचा अर्थ विचारायचीही लाज वाटते. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. शिक्षणशास्त्रावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. परंतु मापे, हिशेब आणि ताळेबंद हा आमच्या अभ्यासाचा विषय आहे, आणि विचार करता करता मला असे वाटू लागले आहे की हा सगळा प्रश्न मुळात मापाचाच आहे. म्हणून हे धाडस.

ताईचे एक वर्ष

प्रथम घरातलेच उदाहरण सांगते. माझी आत्या गोव्यात दिलेली. तिच्या मुलीने, म्हणजे माझ्या ताईने, २०२१ साली तिकडच्या एका महाविद्यालयात बी.कॉम.ला प्रवेश घेतला आणि पहिल्या वर्षाची दोन्ही सत्रे चांगल्या गुणांनी पार केली. पुढे आत्याच्या यजमानांची प्रकृती ढासळली, त्यांचे काम सुटले आणि २०२२ च्या पावसाळ्यात ते कुटुंब आमच्याकडे नंदिगड्ड्याला आले. ताईने कर्नाटकातल्या एका महाविद्यालयात दुसऱ्या वर्षासाठी अर्ज केला.

कार्यालयात तिची गुणपत्रिका उलटसुलट करून पाहण्यात आली. विषयांची नावे जुळत नव्हती, भाषेचे दोन पेपर जुळत नव्हते. समकक्षतेचा दाखला आणा, असे सांगण्यात आले. तो कोणी द्यायचा, किती दिवसांत द्यायचा, हे कोणालाच नक्की ठाऊक नव्हते. तीन फेऱ्या झाल्यावर कोणीतरी सल्ला दिला, "कशाला धावपळ करता? पहिल्या वर्षालाच नाव घाला." तिने नाव घातले. जी रोजकीर्द, जी खतावणी, जी तेरीज ती गोव्यात शिकली होती, तीच तिने आणखी एक वर्ष इथे शिकली. गंमत अशी, की दोन्हीकडच्या गुणपत्रिकांवर 'क्रेडिट' हा शब्द छापलेला होता. शब्द एक होता. माप एक नव्हते.

ताईची बी.कॉम. २०२५ मध्ये पूर्ण झाली. ती आता एका पतसंस्थेत काम करते आणि त्या वर्षाचा विषय निघाला की हसून म्हणते, "ते वर्ष बुडीत खात्यात टाकलंय." पण ते वर्ष म्हणजे एका वर्षाची फी, बसभाडे आणि एका वर्षाची न मिळालेली कमाई. आमच्यासारख्या घरात ही रक्कम लहान नाही.

आपला जोयडा तालुका कसा वसला आहे ते पाहा. एका अंगाला गोवा, दुसऱ्या अंगाला बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका. आपल्या जिल्ह्यातली महाविद्यालये धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे, खानापूरची २०१० पासून बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे, गोव्याची १९८५ पासून गोवा विद्यापीठाकडे, आणि थोडे पुढे गेले की १९६२ साली सुरू झालेले कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ. सोयरीक चारही बाजूंना, नोकऱ्या चारही बाजूंना. तेव्हा विद्यापीठांनी आपली मापे जुळवावीत हा प्रश्न परदेशी जाणाऱ्या मूठभर मुलांचा आहे, असे जे समजतात त्यांना सीमेवरच्या माणसाचे जगणे माहीत नाही. आम्हाला 'परदेश' घाट उतरला की लागतो.

माप एक करणे ही जुनीच गोष्ट

मापे एक करण्याची खटपट शिक्षणात नवी नाही. मुंबई, कलकत्ता व मद्रास ही तीन विद्यापीठे १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर स्थापन झाली. तेव्हाचे मुंबई विद्यापीठ स्वतः काही शिकवत नसे. महाविद्यालये शिकवत आणि विद्यापीठ परीक्षा घेई. म्हणजे आरंभी ते विद्यापीठ हे निव्वळ एक माप होते, तेही सातासमुद्रापलीकडून आणलेले. १८६२ साली त्या मापाने मोजून जे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. आपला जिल्हा त्याच १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला. त्यामुळे पुढे १९४९ साली कर्नाटक विद्यापीठाचा कायदा होईपर्यंत इकडच्या विद्यार्थ्यांची पदवीही मुंबईचीच असे.

या परक्या मापाचा लाभ झाला, पण त्यात एक खोटही होती. मराठीला त्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पुन्हा मानाचे स्थान मिळावे म्हणून त्याच रानड्यांना आयुष्याच्या अखेरपर्यंत झगडावे लागले. दुसऱ्याचे माप जसेच्या तसे उचलले की आपल्या मुलुखातले काही धान्य त्यात मोजलेच जात नाही, हा धडा तेव्हाचा आहे. तो पुढे उपयोगी पडेल.

विद्यापीठे वाढली तशी त्यांनी एकमेकांच्या पदव्या मानाव्यात याचीही गरज भासू लागली. १९२५ साली त्यासाठी इंटर-युनिव्हर्सिटी बोर्ड स्थापन झाले. तेच आजचे भारतीय विद्यापीठ महासंघ. स्वातंत्र्यानंतर सर्वांत मोठे पाऊल कोठारी आयोगाचे. १९६४ ते १९६६ या काळात डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली काम केलेल्या या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. हे मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे, पण तरुणपणी धारवाड जिल्ह्यातल्या उप्पिनबेटगेरी या गावी राहून त्यांनी ग्रामसुधारणेचे काम केले. मराठी आणि कन्नड असे दोन विभाग असलेल्या आपल्या या अंकात त्यांचे स्मरण होणे उचितच आहे.

या आयोगाच्या विचारातून देशभर १०+२+३ हा आकृतिबंध रूढ झाला. त्यापूर्वी कुठे अकरावीला मॅट्रिक, कुठे दहावीला; कुठे पदवीआधी एक वर्ष, कुठे दोन. आज जोयड्याचा मुलगा बारावी होऊन कोल्हापूरला किंवा पणजीला गेला, तर "तुमची बारावी म्हणजे आमची कितवी?" असे त्याला कोणी विचारत नाही. हे माप आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की ते कधीकाळी कोणीतरी खटपट करून एक केले होते, हेच आपण विसरलो. किलोचेही तसेच झाले. १८७५ साली पॅरिस येथे १७ राष्ट्रांनी मीटरचा करार केला. आपल्या देशाने १९५६ साली कायदा करून शेर-मण सोडले. आज किलो परदेशी आहे असे कोणाच्या मनातही येत नाही.

बोलोन्याची गोष्ट

आता जगाकडे वळू. इटलीत बोलोन्या नावाचे शहर आहे. तेथील विद्यापीठ युरोपातले सर्वांत जुने मानतात. परंपरेने त्याची स्थापना १०८८ सालची. १९ जून १९९९ रोजी युरोपातल्या २९ देशांच्या शिक्षणमंत्र्यांनी तेथे जमून एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्याच्या आदल्या वर्षी फ्रान्स, जर्मनी, इटली आणि ब्रिटन या चार देशांनी पॅरिसच्या सोरबॉनमध्ये अशीच एक घोषणा केली होती. या दोहोंतून जी सुधारणा सुरू झाली तिला 'बोलोन्या प्रक्रिया' म्हणतात.

अडचण काय होती? प्रत्येक देशाची पायली वेगळी! जर्मनीत पदवी म्हणजे पाच-सहा वर्षांचा एकच लांबलचक 'डिप्लोम'. ब्रिटनमध्ये तीन वर्षांत पदवी हातात. इटलीतल्या मुलाचे दोन वर्षांचे शिक्षण स्पेनमध्ये किती धरायचे, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. म्हणजे जे आमच्या ताईचे, तेच त्यांचे.

त्यांनी तीन मुख्य गोष्टी केल्या. पहिली, शिक्षणाच्या पायऱ्या सारख्या केल्या: पदवी, पदव्युत्तर पदवी आणि डॉक्टरेट. दुसरी, मोजण्याचे एकक एक केले. हे एकक १९८९ सालापासूनच विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीसाठी प्रयोगादाखल वापरात होते. त्यानुसार पूर्ण एका वर्षाचा अभ्यास म्हणजे ६० क्रेडिट आणि एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचे काम. यात फक्त वर्गातले तास धरत नाहीत. घरचा अभ्यास, ग्रंथालय, परीक्षेची तयारी, सर्व काही येते. पदवी १८० ते २४० क्रेडिटांची. तिसरी, दर्जा तपासण्याची तत्त्वे २००५ साली ठरवून घेतली. मार्च २०१० मध्ये हे सामायिक क्षेत्र औपचारिक रीतीने अस्तित्वात आले. आज त्याचे ४९ देश सदस्य आहेत. त्यांपैकी रशिया आणि बेलारूस यांचा सहभाग २०२२ पासून स्थगित आहे. ग्रीस आणि तुर्कस्तान यांचे राजकारणात फारसे पटत नाही, पण ते दोघेही या मापात आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

त्यांनी काय केले नाही, हेही पाहिले पाहिजे. सर्वांचा अभ्यासक्रम एक केला नाही. सर्वांची भाषा एक केली नाही. आमचे अकौंटन्सीचे सर हिशेबाच्या मानकांबद्दल जे सांगतात, त्याच्याशी हे तंतोतंत जुळते. आंतरराष्ट्रीय लेखामानके भारताने जशीच्या तशी उचलली नाहीत, ती आपल्या कायद्याशी जुळवून घेतली आणि २०१६ पासून टप्प्याटप्प्याने मोठ्या कंपन्यांना लागू केली. हेतू एवढाच, की इथला ताळेबंद तिकडच्या माणसाला वाचता यावा. धंदा कोणता करायचा, हे मानक सांगत नाही.

आणखी एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली. १९९७ साली लिस्बन येथे पदव्यांच्या मान्यतेविषयी एक करार झाला. त्याचे सूत्र असे, की दुसऱ्या देशातले शिक्षण मान्य करावे. नाकारायचे असेल तर दोहोंत मोठा, खराखुरा फरक आहे हे नाकारणाऱ्या संस्थेने दाखवून द्यावे. म्हणजे पुराव्याचे ओझे खिडकीच्या आतल्या माणसावर, बाहेरच्या विद्यार्थ्यावर नाही. ताई तीन फेऱ्या मारत होती, तेव्हा हे ओझे तिच्या डोक्यावर होते.

क्रेडिटचा हिशेब

आपल्याकडे हा विचार २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून आला. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' सुरू केली. आमच्या शास्त्रात क्रेडिट म्हणजे जमा, डेबिट म्हणजे नावे. या बँकेत विद्यार्थ्याच्या नावाने खाते उघडते आणि त्याने मिळवलेली क्रेडिट तेथे जमा होतात. एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत जाताना ती बरोबर नेता यावीत, मध्येच शिक्षण सुटले तरी ती शाबूत राहावीत, ही कल्पना. व्याज मात्र मिळत नाही. उलट साधारण सात वर्षांनी ठेवीची मुदत संपते. आणि जी संस्था पदवी देणार, तिच्याकडची निदान निम्मी क्रेडिट हवीत, असाही नियम आहे.

२०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात आपले माप असे ठरले: एक क्रेडिट म्हणजे ३० तास, वर्षाची ४० क्रेडिट, म्हणजे १२०० तास. तीन वर्षांची पदवी १२० क्रेडिटांची, चार वर्षांची ऑनर्स १६० क्रेडिटांची.

आता कागद-पेन्सिल घेऊन बसू. आपले वर्ष ४० चे, युरोपचे ६० चे. वर्षाला वर्ष धरले तर आपले एक क्रेडिट त्यांच्या दीड क्रेडिटाबरोबर. मग आपली तीन वर्षांची पदवी १२० गुणिले दीड, म्हणजे बरोबर १८०. छान जमले! पण तास धरून मोजा. आपले १२०० तास. त्यांचे ६० गुणिले २५ ते ३०, म्हणजे १५०० ते १८०० तास. तासांच्या हिशेबाने आपले वर्ष त्यांच्या ४० ते ४८ क्रेडिटांचे भरते आणि तीन वर्षांची पदवी १२० ते १४४ च. चार वर्षांची १६० ते १९२, म्हणजे त्यांच्या १८० च्या आसपास. एकाच धान्याची दोन मापांनी दोन उत्तरे! परदेशी विद्यापीठे केवळ अशी त्रैराशिके मांडून प्रवेश देत नाहीत हे खरे. ती पदवीची पातळी पाहतात, विषय पाहतात, गुण पाहतात. तरीपण चौथे वर्ष हवे की नको, या वादाच्या तळाशी कोणते गणित आहे, ते यावरून ध्यानात येईल.

देशादेशांत करारही होत आहेत. एकमेकांच्या पदव्या मान्य करण्याबाबत भारताचा ब्रिटनशी २०२२ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाशी २०२३ मध्ये करार झाला. म्हणजे बेळगावची पदवी लंडनमध्ये कशी वाचावी याची सोय झाली. गोव्याचे पहिले वर्ष कर्नाटकात कसे वाचावे याची सोयही तितक्याच तत्परतेने झाली असती तर बरे झाले असते.

एका खोलीत दोन मापे

नवे धोरण स्वीकारणारे पहिले राज्य कर्नाटक, २०२१ साली. मी २०२३ मध्ये प्रवेश घेतला तेव्हा तीन वर्षांनी पदवी आणि हवे असल्यास चौथे वर्ष ऑनर्स, अशी रचना होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्याने स्वतःचे धोरण ठरवण्यासाठी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष प्रा. सुखदेव थोरात, विदर्भातले. आयोगाच्या अंतरिम अहवालानंतर मे २०२४ मध्ये राज्य शासनाने पदवी पुन्हा तीन वर्षांची केली. अंतिम अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये सादर झाला. म्हणजे मराठी सदस्य-सचिव असलेल्या एका आयोगाने '+३' आणले आणि दुसऱ्या मराठी माणसाच्या आयोगाने ते परत आणले, असा हा योगायोग. शेजारच्या गोव्यात आणि महाराष्ट्रात मात्र चार वर्षांची रचना सुरू झाली आहे.

परिणाम असा, की वसतिगृहात आमच्या एकाच खोलीत दोन रचना नांदत आहेत. मी जुन्या रचनेतली. माझ्या मागून आलेली मैत्रीण नव्या. तिला माझी पुस्तके चालत नाहीत, माझ्या टिपणांतला अर्धा भाग चालत नाही. मला चौथे वर्ष घेता येते, तिला नाही.

चौथ्या वर्षाला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे मला पटते, हे मुद्दाम सांगते. आमच्या घरी एका वर्षाचा वसतिगृहाचा खर्च म्हणजे सुपारीच्या पिकातला मोठा हिस्सा. "आणखी एक वर्ष" हे शब्द मुलीच्या बाबतीत उच्चारले की घरात काय चर्चा सुरू होते, ते आपल्या वाचक भगिनींना सांगायला नको. जे माप गरिबाच्या पोराला पेलतच नाही, ते कितीही आंतरराष्ट्रीय असले तरी काय कामाचे? पण दुसरी बाजूही तितकीच खरी. शेजारच्या राज्यात चार आणि आपल्याकडे तीन असे झाले, तर उद्या एखादी ताई इकडून तिकडे किंवा तिकडून इकडे येईल तेव्हा तिचे काय? तीन असोत वा चार, दोन्हींचे गुणदोष आहेत. मात्र दर तीन वर्षांनी बदलणारे माप हे मापच नव्हे. दुकानदाराने असे केले असते तर आपण वजनमापे खात्याकडे तक्रार केली असती.

मराठी माध्यमाचे काय?

आंतरराष्ट्रीय दर्जा म्हटले की माझ्यासारख्या मराठी शाळेतून आलेल्या मुलीच्या पोटात गोळा येतो. मनात येते, म्हणजे आता सगळे इंग्रजीत! बारावीपर्यंत 'नफा-तोटा पत्रक' म्हणणारी मी, त्याचे इंग्रजी नाव तोंडात बसायला मला वर्ष लागले. मापाला कन्नडात 'अळते' म्हणतात आणि मराठीत माप. वस्तू एकच हे मला कळते, पण परीक्षेत तिसऱ्याच भाषेत लिहावे लागते.

बोलोन्याविषयी वाचताना माझी ही भीती बरीच कमी झाली. पोलंडचा विद्यार्थी पोलिशमध्ये शिकतो, ग्रीसचा ग्रीकमध्ये. त्यांच्या पदवीला एक पुरवणी जोडलेली असते, 'डिप्लोमा सप्लिमेंट'. तिच्यात विद्यार्थ्याने काय शिकले, किती क्रेडिट मिळवली, त्या देशातली गुण देण्याची पद्धत कशी आहे, हे सर्वांना कळेल अशा भाषेत लिहिलेले असते. २००३ साली मंत्र्यांनी ठरवले, की २००५ पासून ही पुरवणी प्रत्येक पदवीधराला आपोआप आणि विनामूल्य मिळावी. शिकायचे आपल्या भाषेत, ओळखपत्र जगाच्या भाषेत! रानड्यांच्या वेळची खोट अशा रीतीने भरून काढता येते. मराठी किंवा कन्नड माध्यमातून पदवीपर्यंत शिकणे आणि जगाशी माप जुळवणे यांत मुळीच विरोध नाही. विरोध आहे तो आपल्या आळसाचा.

माप म्हणजे धान्य नव्हे

इतके सगळे गुणगान केल्यावर एक इशारा देणे भाग आहे. युरोपातही सर्व आलबेल नव्हते. ऑक्टोबर २००९ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी तिथल्या सर्वांत मोठ्या सभागृहाचा ताबा घेतला, आणि ते लोण जर्मनीसह इतर देशांत पसरले. पूर्वी पाच वर्षांत शिकायचे ते तीन वर्षांत कोंबले आहे, क्रेडिट मोजता मोजता विचार करायला सवड उरलेली नाही, ही त्यांची एक प्रमुख तक्रार होती.

आपल्याकडे धोका उलट आहे. तीस तासांचे एक क्रेडिट कागदावर पडते. पण ते तीस तास खरोखर भरतात का? प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या असतील, मुले पहाटेची बस धरून पहिल्या तासाला निम्मी झोपेत येत असतील, ग्रंथालयातले पुस्तक मागच्या अभ्यासक्रमाचे असेल, तर ते माप पोकळ भरले असे समजावे. दर्जा तपासण्यासाठी १९९४ पासून बेंगळूरची 'नॅक' ही संस्था आहे. तिची समिती येणार म्हणून भिंती रंगतात, फलक लागतात. भिंती रंगवून माप भरत नाही. आधीच पदवीधर पायलीला पंधरा मिळतात असे म्हणण्याची पाळी आली आहे. त्यांना पायलीऐवजी क्रेडिटने मोजले म्हणून धान्याचा कस वाढणार नाही.

शिवाय सोयी पोहोचल्याखेरीज माप पोहोचत नाही. क्रेडिट बँकेचे खाते मोबाईलवर उघडायचे असते. सुट्टीत घरी असताना मी ते उघडायला बसले. अंगणात रेंज येईना. शेवटी घरामागची टेकडी चढून गेले, संदेश आला, पण खाली घरी विसरलेले आधारकार्ड घेऊन पुन्हा वर पोहोचेपर्यंत त्या आकड्याची मुदत संपली होती. दुसऱ्या फेरीला खाते उघडले. आजीने विचारले, "बँकेत किती टाकलेस?" मी म्हटले, "दोन वर्षं टाकली, आजी."

काय व्हावे?

माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी मागाव्यात. पहिली, धारवाड, बेळगाव, गोवा आणि कोल्हापूर या शेजारी विद्यापीठांनी कोणता विषय कोणत्या विषयाच्या बरोबरीचा, याचे कोष्टक तयार करून प्रत्येक महाविद्यालयाच्या फलकावर लावावे. परदेशांशी करार होतात, तर शेजाऱ्यांशी व्हायला काय हरकत आहे? दुसरी, प्रवेश घेताना जी रचना सांगितली ती त्या तुकडीची पदवी होईपर्यंत पाळावी आणि नवी रचना आणताना ती निदान दहा वर्षे टिकेल इतका विचार आधी करावा. तिसरी, बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याचे शिक्षण मान्य धरून चालावे. नाकारायचे असेल तर कारण लेखी द्यावे. यांपैकी एकीलाही फारसा पैसा लागत नाही.

मी स्वतः चौथे वर्ष घ्यावे की नाही, हे अजून ठरलेले नाही. बाबा म्हणतात, "तू हिशेब मांड, मग बोलू." हा लेख म्हणजे त्या हिशेबाचे पहिले पान समजा. अखेरचा आकडा काय निघेल तो निघो. पण मांडताना समोरची मापे खरी असावीत, एवढीच अपेक्षा.

गेल्या दिवाळीला घरी गेले तेव्हा मी माळ्यावरची पायली खाली काढली, भाताने शीग लावून भरली आणि दुकानातून आणलेल्या काट्यावर ते भात मोजले. जितके किलो भरले तो आकडा पायलीच्या बाहेरच्या अंगाला खडूने लिहिला. आजीला प्रथम ते आवडले नाही. मग मी तिला सांगितले, "पायली तुझीच आहे आजी. फक्त परक्याला कळावं म्हणून लिहिलंय." तिने आकडा दोनदा वाचून घेतला आणि म्हणाली, "मग माझ्या माहेरच्या पायलीवरपण लिही. साठ वर्षांचं भांडण मिटेल."